वाऱ्याचा भाव

त्या खेळात वारा नव्हता.
डोंगर होते, घोडे होते, पडके किल्ले होते,
आणि गवत असं ताठ, जसं मास्तर आल्यावर वर्ग.
कंपनीने खेळ विकला, दुसऱ्याच्या मागे लागली,
याला वाऱ्यावर सोडलं,
म्हणजे तेही नाही. वाराच नव्हता.

मी लिएपायाच्या बंदरात क्रेन चालवतो.
मला वारा ऐकू येतो तो पोटऱ्यांतून.
फार वाढला की भोंगा होतो, आम्ही खाली उतरतो,
आणि त्या बसल्या तासांत मी तो टिपत गेलो:
साखळीतला, रिकाम्या कंटेनरमधला,
दोरीवर वाळणाऱ्या हातमोज्यांतला.
सहा हिवाळे.
मग मॉड टाकला. फुकट.
कुरितिबाच्या एका पोराने लिहिलं,
काल घोडा थांबवून नुसता उभा राहिलो.
त्यावर मी महिनाभर जगलो.

मग कंपनीने दुकान उघडलं.
लावा म्हणे तुमच्या वाऱ्याला भाव,
चार आण्यांचे धनी तुम्ही, बारा आण्यांचे आम्ही.
मी म्हटलं, खेळ त्यांचा,
मी आपला आयत्या बिळावरचा नागोबा.
दाइगा म्हणाली, बिळात राहावंसं वाटलं ते कुणामुळे?
माझी दाढ ठणकत होती.
डॉक्टरने आकडा सांगितला होता, एकशे ऐंशी.

अर्जात एक चौकट होती:
हे सगळं तुमचंच आहे ना?
वारा माझा.
पण तो दिसतो ते गवत बोटोंदचं.
सेगेदचा कुणी बोटोंद,
ज्याने पात्यापात्याला कणा दिला आणि सोबत एवढीच चिठ्ठी ठेवली:
घ्या, मोडा, जोडा. नाव तेवढं राहू द्या.
नऊ वर्षं त्याच्याकडून शब्द नाही.
मी तीनदा विचारलं.
मेला असेल, बाप झाला असेल, कंटाळला असेल.
मी होय म्हणून टाकलं.
नाव तेवढं राहू दिलं.

रात्री मी चोर झालो, पहाटे गद्दार,
जेवणाच्या सुट्टीत कुणाचा तरी कैवारी:
नळ दुरुस्त करणारा पैसे घेतो, याने का नाही?
खरं आहे.
नळवाल्याला कुणी भिंतीच्या मालकाचं नाव विचारत नाही, हेही खरं.
कुरितिबाचं पोर म्हणालं,
एवढ्यात मी दोन दिवस जेवतो.
जुना वारा ठेवून घेतलाय. चालेल ना?
चालेल, मी लिहिलं.
मग वाटलं, चालेल म्हणणारा मी कोण.

अठराव्या दिवशी कंपनीने खेळ सुधारला
आणि वारा मोडला.
सगळं गवत उलटं, मुळं आभाळात.
पूर्वी असं झालं की लोक लिहीत,
सवडीने बघ रे बाबा.
आता लिहिलं, पैसे मोजलेत, आज रात्री हवं.
त्यांचं चुकलं नाही.
पाव शिळा निघाला तर मीही बेकरीत असाच बोलतो.
सुजलेला गाल तळहातावर पेलून
पहाटे चारपर्यंत मी एकेक पातं खाली वळवलं,
बोटोंदने ठेवलं होतं तसं,
आणि सहा हिवाळ्यांत पहिल्यांदा
घड्याळाकडे बघितलं.

हिशेब आला.
तीनशे बारा वारे खपले.
चार आण्यांनी माझे एकशे पंचावन्न युरो,
दाढेला पंचवीस कमी.
त्यातूनही अडतीस युरो ऐंशी सेंट मी लिफाफ्यात घातले.
दाइगा बोलली नाही,
लिफाफा पासपोर्टांखाली सरकवला तिने.
वर लिहिलंय: बोटोंद, सेगेद.
खाली पत्त्यापुरती जागा सोडलीय.

दाढ अर्धी कोरून ठेवलीय.
क्रेनवर चढताना
मी तोंड मिटून घेतो.